हात लावू नये

आमच्या खालच्या मजल्यावरचे पाटोदकर काका व्हिडिओ बघायला बसण्याआधी वायफायची डबी बंद करायचे. नुसतं बटण दाबून त्यांचं भागायचं नाही. वायरही भिंतीतून उपटून टेबलावर आडवी ठेवायचे, म्हणजे शंका नको. मग मोबाइल विमान मोडवर टाकून स्वयंपाकघरात, पोह्यांच्या डब्यामागं. मग खिडकी लावायची. पडदा ओढायचा. एवढा सगळा बंदोबस्त झाला की हा साठी उलटलेला निवृत्त गृहस्थ कॉम्प्युटरसमोर बसून गुडघेदुखीवरचे व्यायाम बघायचा.

ही गोष्ट मी चार वर्षं चारचौघांत रंगवून सांगितली आहे. वायर उपटण्याची नक्कल मला चांगली जमते. पण ती वायर मीच उपटायला लावली होती, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

आमची इमारत हर्सूलच्याही पुढं. मी उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून इथं फ्लॅट घेतला तेव्हा शहर आमच्या कंपाउंडच्या भिंतीशी संपायचं. बिल्डरनं बाल्कनीत उभं करून ज्वारीचं शेत दाखवलं आणि ‘व्ह्यू’ म्हणाला. त्या व्ह्यूवर पुढं सात मजले चढले. इमारती वाढत गेल्या आणि पाऊस कमी होत गेला. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, बोअरला नुसती हवा, आणि दुपारी कंपाउंडमध्ये टँकर आला की सगळी बिऱ्हाडं पाइप धरून उभी.

अशा दिवसांत पाटोदकर काका आमचे पुढारी होते. आयुष्यभर पाणी खात्यात काढलेलं. कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व कुणी फिरवायचा, याच्या ड्यूट्या लावायचं त्यांचं काम. शहराच्या पोटातल्या नळांचा, आसपासच्या ओढ्या-विहिरींचा नकाशा त्यांना तोंडपाठ. आणि आयुष्यभर लोकांना पाणी सोडून त्यांचा स्वतःचा पाण्यावरचा विश्वास पार उडालेला. ‘भरून ठेवलेलं बरं’ हे त्यांचं पालुपद. नमस्काराच्या उत्तरालाही ते कधीकधी तेच म्हणत.

त्यांच्या घरात शिरलं की बोळकांड्यात चार निळे ड्रम. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटनं, कचेरीच्या फायलीवर असावं तशा अक्षरात लिहिलेलं. पहिला ‘पिण्याचं’. दुसरा ‘वापरायचं’. तिसरा ‘पाहुण्यांचं’. चौथा ‘हात लावू नये’.

“हा कधी उघडायचा, काका?” मी एकदा विचारलं.

“वेळ आली की.”

“वेळ आली हे कसं कळणार?”

“कळतंय.”

आतून काकू म्हणाल्या, “बारा वर्षं झाली, अनिलराव. वेळ काय येईना. आठ दिवसाला जुनं पाणी तुळशीला घालायचं आन् नवं भरायचं. तुळस सडून चालली.”

हा अनिलराव म्हणजे मी. वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला असतो, अधूनमधून पेपरात काहीबाही लिहितो. किती नट आले, किती बोल्ट गेले, ते कॉम्प्युटरवर चढवायचं. यापलीकडं मला कॉम्प्युटरमधलं जे येतं ते म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढणं. पण इमारतीत मी ‘कॉम्प्युटरवाले’ म्हणून प्रसिद्ध होतो. कुणाचा मोबाइल अडला की माझ्याकडं. मी तो हातात घ्यायचो, भुवया जवळ आणायचो, बंद करून चालू करायचो. बहुतेक वेळा चालायचा. न चालला तर ‘सर्व्हरचा घोळ आहे’ म्हणायचो. या दोन उपायांवर मी बारा बिऱ्हाडांत इज्जत कमावली होती.

काकांना डाउनलोड मॅनेजरचा नाद लागला तो माझ्यामुळंच. कारखान्यानं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी त्यांना मिळवून दिला आणि त्यात हे डाउनलोडचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. व्हिडिओचा पत्ता त्यात चिकटवायचा. ते विचारतं, कुठल्या फोल्डरमध्ये ठेवू, काय नाव देऊ. सांगितलं की व्हिडिओ आपल्या डिस्कवर उतरतो. एक व्हिडिओ नको, अख्खी प्लेलिस्ट हवी, तर तेही जमतं. सगळे रांगेत उभे राहतात आणि एकामागून एक भरले जातात.

काकांनी रांग बघितली आणि त्यांचे डोळे पाणावले.

“अनिलराव, ही तर ड्यूटी लावल्यासारखीच झाली. झोन एक, झोन दोन.”

पण खरे ते भाळले दुसऱ्याच गोष्टीवर. व्हिडिओ निम्मा उतरला आणि वीज गेली. काका हताश. वीज आली, मॅनेजर उघडला, तर बावन्न टक्क्यांवर तुटलेला व्हिडिओ त्रेपन्नापासून पुढं सुरू. काकांनी तो पट्टा शंभरला भिडेपर्यंत खुर्ची सोडली नाही.

“जिथं तुटलं तिथूनच पुढं धरतंय,” ते म्हणाले. “पहिल्यापासून नाय करावं लागत.”

“हो. त्याला रिझ्यूम म्हणतात,” मी म्हणालो. मला हेही सांगण्यासारखं वाटायचं.

मग काका भरत सुटले. नळाचं पाणी आणि नेटचं पाणी त्यांनी एकाच पद्धतीनं साठवलं. डिस्कवर चार फोल्डर, ड्रमांवरच्याच नावांचे. ‘पिण्याचं’मध्ये कीर्तनं-प्रवचनं. ‘वापरायचं’मध्ये नळाचा वायसर कसा बदलावा, मूळव्याधीत काय खावं, पाण्याच्या टाकीत घसरून पडल्यास काय करावं. ‘पाहुण्यांचं’मध्ये जुनी नाट्यगीतं आणि मुंग्यांचा एक तासभराचा माहितीपट. पाहुणे आले की चहाआधी मुंग्या. त्यांच्या भाच्याला बघायला आलेली मंडळी मुंग्यांच्या वारुळातच उठून गेली, लग्न जमलं नाही.

“पण काका, नेट तर आता चोवीस तास असतं. पाहिजे तेव्हा बघायचं. भरून कशाला ठेवायचं?”

“बिल्डर बी चोवीस तासच म्हणला होता,” काका म्हणाले.

मी सर्व्हरबद्दल काहीतरी बोललो.

उरला चौथा फोल्डर. ‘हात लावू नये’. आणि इथून माझ्या गुन्ह्याला सुरुवात होते.

ज्या उन्हाळ्यात टँकरसुद्धा दिवसाआड येऊ लागला त्या उन्हाळ्यातली दुपार. कंपाउंडमध्ये आम्ही चारपाच पुरुष पाइप धरून उभे. टँकरवाला ‘जल्दी करो भाई, करमाड को जाना है’ म्हणून ओरडत होता. काका माझ्या शेजारी सरकले आणि पाइपाकडं बघत, हळूच बोलले.

“अनिलराव, एक इचारू? मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघितला, तर टाकणाऱ्याला कळतं का, कोण बघतंय ते?”

खरं उत्तर होतं, मला माहीत नाही. या उत्तराला किती वेळ लागतो? पण बाकीचे तिघं कान देऊन ऐकत होते, आणि मी कॉम्प्युटरवाला होतो.

“सगळं कळतं, काका. नाव कळतं, गाव कळतं, कुठल्या खोलीत बसून बघताय तेही कळतं.”

बाकीचे हसले. काका हसले नाहीत.

“मग न कळता बघायचं असंल तर?”

“आधी डाउनलोड करा. मग नेट बंद करा, वायर काढून ठेवा, खिडकी लावून घ्या आणि खुशाल बघा. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

पुन्हा हशा. काका पाइप दुसऱ्या हातात घेऊन निघून गेले. त्यांना माझ्या बोलण्यातला विनोद समजला नाही, की समजूनही त्यांना धोका पत्करायचा नव्हता, कुणास ठाऊक. त्यांनी सगळंच्या सगळं केलं. वायर काढली, खिडकीही लावली. गुडघ्याच्या व्यायामालासुद्धा लावली, कारण एकदा सवय लावली की वेगळं काय बघतोय ते उघड पडत नाही.

हा शेवटचा विचार मला आज सुचतो. तेव्हा मला वेगळंच सुचलं. ज्या माणसाला गुपचूप व्हिडिओ बघायचे आहेत, आणि ज्याच्या फोल्डरचं नाव ‘हात लावू नये’ आहे, त्याच्याबद्दल आपल्याला जे सुचतं तेच. मी ते स्वतःपाशी ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण मी पार्किंगमध्ये एकाला डोळा मारून सांगितलं. आठ दिवसांत सगळ्या इमारतीला माहीत झालं. काका जिन्यावरून उतरायला लागले की कुणीतरी मागून हळूच म्हणायचं, ‘हात लावू नये’. आणि खिदळायचं. काकांना वाटायचं, ड्रमाला हसतात. तेही हसायचे. म्हणायचे, “हसा. टंचाई आली की माझ्याच दारात येशाल.”

माझी बायको सुनीता तेवढी म्हणाली होती, “तुम्ही बघितलंय का डोळ्यांनी?”

“बघायची गरज काय? विचारलं कसं, ते ऐकायला हवं होतंस.”

“देवमाणूस आहे तो.”

“देवमाणसांना खिडकी लावावी लागत नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते कारखान्यातही वापरलं.

काकांना एक मुलगा. शिरीष. इंजिनिअर झाला, शेंद्र्याला एका कंपनीत चांगला लागला, आणि दोन वर्षांत राजीनामा देऊन घरी आला. त्याला जुन्या बारवा शोधत हिंडायचं होतं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर; आपल्या भागात गावोगाव आहेत, बऱ्याचशा बुजलेल्या, झाडाझुडपांत हरवलेल्या. त्यांच्यात उतरायचं, त्यांचे व्हिडिओ करायचे, लोकांना दाखवायचे, असं त्याचं म्हणणं. काकांनी ऐकून घेतलं. मग एकच वाक्य बोलले. त्या दिवशी दारं उघडी होती, मी जिन्यात होतो, मला ऐकू आलं.

“आटलेल्या विहिरी बघायला चार माणसं तरी येतील का रे?”

शिरीष संध्याकाळच्या गाडीनं परभणीकडं एका मित्राच्या गावी गेला. बापलेकांचं बोलणं बंद झालं. काकू दुपारी पोराशी फोनवर बोलायच्या. काका शेजारच्या खोलीत पेपर धरून बसायचे, पान न उलटता. हे सगळं आम्हाला माहीत होतं. तरी ही गोष्ट आणि ती खिडकी, या दोन्हींचा काही संबंध असेल असं मला वाटलं नाही. मी हुशार होतो ना.

मग एके दिवशी काका वर आले. हातात स्टीलचा डबा, त्यात टॉवेलात गुंडाळलेली डिस्क. “आतून टकटक वाजतंय, अनिलराव. जाईल का हो?”

डिस्क जाण्याच्या बेतात होती. मी नवीन डिस्क आणा म्हटलं, त्यात सगळं उतरवून देतो. त्यांनी तासाभरात आणली. दारात थांबून म्हणाले, “चारी फोल्डर घ्या. फक्त चौथ्यात बघू नका हं.”

“छे, काका.”

ते जिना उतरल्याचा आवाज येईपर्यंत मी दम धरला. मग चौथा उघडला. सुनीता मागं उभी राहिली होती. तिला बहुधा माझं तोंड बघायचं होतं.

आत चाळीस-एकेचाळीस फाइली. डाउनलोड मॅनेजर फाइलीला नाव विचारतो हे मी सांगितलंच आहे. आपण जे आहे तेच राहू देतो. काकांनी प्रत्येकीला स्वतः नाव दिलं होतं. मी वाचायला लागलो.

‘पहिला.’

‘बारीक झाला.’

‘सर्दी आहे.’

‘टोपी नाही, ऊन फार.’

‘दाढी केली, बरा दिसतो.’

‘पायरीवरून घसरला पण लागलं नाही.’

‘चप्पल तुटकी.’

‘चप्पल अजून तीच.’

मी ‘सर्दी आहे’ उघडला. शिरीष कुठल्याशा बारवेच्या पायऱ्या उतरत होता, कॅमेरा हलत होता, मागं होले घुमत होते. तो बंद नाकानं सांगत होता की या कमानी किती जुन्या असतील, दगड कसा घासला गेलाय. संगीत नाही, काही नाही. शेवटी कॅमेऱ्याकडं न बघता म्हणाला, “चार जण बघत असतील तर पुढच्या विहिरीवर भेटू.”

दुसरा उघडला. शेवटी तेच. तिसऱ्यातही तेच. चार जण बघत असतील तर.

सुनीता पदर तोंडाला लावून आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मग मी एक काम केलं जे आधीच करायला हवं होतं. नेटवर शिरीषचा चॅनेल शोधला. व्हिडिओखाली किती वेळा बघितला त्याचा आकडा असतो. दोन. तीन. तीन. एकाला एकच. मी हिशेब लावत बसलो. आमच्या खाली एक माणूस यातला प्रत्येक व्हिडिओ घाम पुसत, पुन्हा पुन्हा बघत होता आणि तो या आकड्यात कुठंच नव्हता. वायर काढून ठेवल्यावर कसा असेल? टाकणाऱ्याला नाव कळत नाही, गाव कळत नाही, खोली तर नाहीच नाही. नुसता आकडा कळतो. आणि त्या पोराला सगळ्या जगात फक्त तेवढाच हवा होता.

मी डिस्क परत केली.

“बघितलं नाय ना?” काकांनी विचारलं.

“नाही.”

“बरं झालं. बेकार काहीतरी आहे,” असं म्हणून त्यांनी ती टॉवेलात गुंडाळली.

तिथंच सांगायला हवं होतं. मी आठ महिने सांगितलं नाही. कारण सांगायचं तर तीन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. मला काही कळत नाही ही पहिली. मी फोल्डर उघडला ही दुसरी. आणि पार्किंगमध्ये मी काय पसरवलं ही तिसरी. रोज एकेक कारण काढायचो. एकदा तर मी स्वतःला पटवलं की काकांना आता सांगून उगाच त्रास होईल. दुसऱ्याला त्रास होईल म्हणून आपण किती गोष्टी लपवतो, यावर मी एक व्हिडिओ काढू शकलो असतो. मग मी एक चोरटा उपाय केला: कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत शिरीषचे व्हिडिओ बघायला लागलो. पण मी एकटा. तीनाचे चार कुठंकुठं झाले, तोवर तो पुढच्या विहिरीवर गेलेला असायचा. खाली ‘छान’ असं लिहायचीही माझी छाती झाली नाही.

नवव्या महिन्यात काकांनी दुपारी बेल वाजवली. आत आले नाहीत. दारातच म्हणाले, “अनिलराव, एकटे हाय का?”

सुनीता आतून ऐकत होती. मी म्हणालो, एकटाच आहे.

“आमचा शिरीष...” ते थांबले. चार वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे नाव ऐकलं नव्हतं. “तो विहिरींचं काय काय टाकत असतो. टाकत होता. आता शेवटचा टाकलाय. रविवारी सगळं काढून टाकणार म्हणतो. चॅनेलच बंद. म्हणतो, चार बघणारे काय झाले नाय, घरातले बरोबर होते.”

मी चौकट धरून उभा.

“घरातले म्हणजे मी,” काकांनी खुलासा केला. “पण मी तर बघतोय हो. एकेक धा-धा येळा बघितला. चार नाय, धा झाले असते माझे एकट्याचे. त्या मोजणीत मी कुठं जातो?”

आणि मी, वय वर्षं एकोणपन्नास, दोन मुलींचा बाप, म्हणालो, “सर्व्हरचा घोळ असेल.”

काकांनी मान हलवली. “असंल,” म्हणाले आणि जिना उतरू लागले. एका हातानं कठडा धरून, गुडघ्याचे इतके व्यायाम बघूनही एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत. पाचव्या पायरीवर असतील.

“काका, थांबा.”

मी जिन्यातच सांगितलं. उभ्यानंच, भरभर, नाहीतर राहिलं असतं. की कोण बघतं ते कळतच नाही, कधीच कळत नव्हतं. मी त्या दिवशी टँकरपाशी गंमत म्हणून बोललो. डाउनलोड करून बघितलेलं मोजलं जात नाही. फोल्डर मी उघडला होता, तेही सांगितलं. तिसरी गोष्ट नाही सांगितली.

काका पाचव्या पायरीवर खाली बसले. बराच वेळ बोटांनी कसलीतरी बेरीज केल्यासारखं करत राहिले.

“म्हणजे त्याला माझं नाव कळलं नसतं.”

“नाही.”

“नुस्ता एक कळला असता.”

“हो.”

“चार उन्हाळे खिडकी लावून बसलो, अनिलराव,” ते म्हणाले. “पाठभर घामोळं आलं. तुमची काकू म्हणायची, काय पाप करायलात आत बसून.” मग कठड्याला धरून उठले. मला वाटलं, आता एक ठेवून देतील. दिली असती तर मी आज एवढं लिहीत बसलो नसतो. “चला खाली,” म्हणाले. “रविवारला तीनच दिवस हायेत.”

खाली गेल्यावर त्यांनी मला बसवलं आणि आत गेले. आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून.

“काका, त्याला आपण दिसत नाही.”

“असू द्या की,” ते म्हणाले. “पहिल्यांदाच चाललोय.”

वायर भिंतीत घातली. खिडकी त्यांनी स्वतः उघडली. समोरच्या सात मजल्यांचे सगळे वाळत घातलेले कपडे आत डोकावले. ‘पहिला’पासून सुरुवात. काकू सांडशी हातात घेऊनच मागं येऊन उभ्या राहिल्या. शिरीष करमाडजवळच्या एका बारवेत उतरत होता. म्हणत होता, ही कोरडी पडली आहे, हिला पाणी कुठून यायचं ते आता कुणालाच ठाऊक नाही.

“मला ठाऊक हाय,” काका पुटपुटले.

“आकड्यात नाव नसतं, काका,” मी म्हणालो. “नाव दिसायला हवं असेल तर खाली लिहावं लागतं.”

“माझं नाव दिसंल?”

“दिसेल.”

ते ऐकून त्यांनी हात मागं घेतले. पंखा फिरत होता. काकू म्हणाल्या, “ल्हिवा. चार दिवस उपाशी ठेवल्यागत नका बसू.” तेव्हा काकांनी एक बोट पुढं केलं आणि अक्षर शोधायला लागले. अर्धा तास लागला. मध्येच चुकलं, पुसलं, परत लिहिलं. मी शेजारी बसून एकदाही भुवया जवळ आणल्या नाहीत.

त्यांनी लिहिलं: ‘उत्तरेकडं तिसऱ्या पायरीच्या वर कोनाडा आहे. त्याच्या मागं मोरी आहे, वरच्या ओढ्याचं पाणी त्यातून येत असे. गाळानं बुजली असेल. कोरडी म्हणू नको. गाळ काढून बघ. उतरताना बूट घाल.’

“एवढंच?” काकू म्हणाल्या. “जेवला का, कसा हायेस, घरी ये, काय नाय?”

“तो विहिरीचं बोलतोय. मी विहिरीचंच बोलणार.”

पाठवलं. आणि पाठवल्याबरोबर काका घाईनं उठले, वायफायची वायर भिंतीतून उपटली, टेबलावर आडवी ठेवली आणि खिडकीकडं वळले. काकूंनी सांडशी ठेवली, वायर उचलली आणि परत भिंतीत घातली.

“उत्तर आलं तर ते काय जिन्यानं येईल?” त्या म्हणाल्या.

काका खिडकीपाशी तसेच उभे राहिले. खिडकी मात्र लावली नाही.

रविवार गेला. चॅनेल काढला गेला नाही. उत्तरही आलं नाही. काका दिवसातून चार वेळा मला ‘उत्तर कधी येईल’ विचारत, मी ‘माहीत नाही’ म्हणत होतो. हे वाक्य फार हलकं आहे. मी ते आता कारखान्यातही वापरतो. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी खालूनच हाक मारली. मी गेलो तर खिडकी सताड उघडी, इस्त्रीचा शर्ट, आणि पडद्यावर करमाडची तीच बारव. शिरीष कंबरेएवढ्या गाळात उभा राहून कोनाड्यामागून घमेली भरून देत होता. बोलत काहीच नव्हता. शेवटी दगडांच्या फटीतून ओल दिसली. पाणी म्हणता येणार नाही, नुसती ओल. त्यानं तिच्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडं बघितलं. चार जणांचं काही म्हणाला नाही.

काकांनी दोन वेळा बघितला. आकड्यात आले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “आता भरून ठेवू.”

ती तिसरी गोष्ट सांगायला मी तेव्हा तोंड उघडलं होतं. पार्किंगची. पण त्यांनी डाउनलोड मॅनेजर उघडला होता, पत्ता चिकटवला होता, आणि त्यांचं बोट अक्षरं शोधत होतं. मी गप्प बसलो. ते कधीकधी पेपरात, पुस्तकात माझं लिहिलेलं वाचतात, म्हणून ती इथं सांगतो आहे. काका, ‘हात लावू नये’ म्हणून जिन्यात जे हसायचे ते ड्रमाला हसत नव्हते. ते मी शिकवलेलं हसत होते.

मॅनेजरच्या चौकटीनं विचारलं होतं, फाइलीला नाव काय देऊ. काकांनी एकेक अक्षर दाबून लिहिलं: ‘बूट घातले.’